मिडियम वेव्हवर परत परत येणारा अनोळखी सिग्नल: उगम शोधण्याची रीत

मिडियम वेव्हच्या पट्ट्यात ज्या जागी कोणतेही केंद्र असायला नको, तिथे रोज संध्याकाळी कोणाचे तरी अस्पष्ट बोलणे ऐकू येते. एखाद्या ओळखीच्या केंद्राच्या मागे सतत बारीक शिट्टी वाजत राहते. ठरावीक अंतराने मोर्सची दोन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा उमटतात. किंवा डायलचा मोठा भाग घरघरीने व्यापला जातो आणि काही तासांनी आपोआप मोकळा होतो. तक्रार यांपैकी कोणत्याही रूपात असली, तरी सिग्नल एकदाच येऊन जात नाही, तो परत येतो, हे सगळ्यांत समान असते. शोध घेणाऱ्याला याचा फायदाच होतो. जे परत येते त्याचे वेळापत्रक मांडता येते, आणि वेळापत्रक हाती आले की निम्मा शोध घरबसल्या उरकतो.

बहुतेकांच्या मनात आधी ‘हे प्रक्षेपित कोण करत आहे?’ असा प्रश्न येतो. माझ्या मते तो तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. त्याआधी हा सिग्नल रेडिओच्या बाहेर अस्तित्वात तरी आहे का, हे ठरवावे लागते. आणि बाहेर असेल तर तो आसपासच्याच एखाद्या उपकरणातून निघतो की खरोखर दुरून येतो, हे पाहावे लागते. हा क्रम सोडून कोणी सुरुवातीलाच होकायंत्र आणि नकाशा घेऊन बाहेर पडले, तर ज्या सिग्नलचा जन्म हातातल्या रेडिओतच होतो त्याचा पाठलाग करत हिंडण्याची वेळ येते. आणि रेडिओ नेला तिकडे सिग्नलही सोबत येत असल्यामुळे तो सर्वदूर सारखाच पसरला आहे, असा ठाम गैरसमज करून घेऊन माणूस परततो.

आधी नोंदी

वारंवारता शक्य तितकी अचूक लिहून घ्यावी. युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया या भागांत मिडियम वेव्ह केंद्रांना ९ किलोहर्ट्झच्या अंतराने जागा दिलेल्या असून त्या ५३१ पासून १६०२ पर्यंत सर्व ९ च्या पटीत येतात. १९७५ च्या जिनिव्हा आराखड्यातील ही मांडणी २३ नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत हे अंतर १० किलोहर्ट्झचे आहे आणि पट्टा १७०० किलोहर्ट्झपर्यंत जातो. नोंदवलेल्या आकड्याला ९ ने, अमेरिका खंडांत १० ने, पूर्ण भाग जात नसेल, तर तो एखाद्या प्रसारण केंद्राचा मूळ सिग्नल असण्याची शक्यता फार थोडी उरते. भाग जातो म्हणून मात्र तो केंद्राचाच आहे असे सिद्ध होत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

संगणकावर वर्णपट दाखवणारा एसडीआर प्रकारचा रेडिओ हाताशी असेल तर वाहक लहर (कार्यक्रम वाहून नेणारी मूळ लहर) थेट हर्ट्झमध्ये मोजता येते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मिडियम वेव्ह प्रसारण केंद्राची वाहक लहर नेमून दिलेल्या जागेपासून १० हर्ट्झपेक्षा जास्त ढळता कामा नये, आणि सुस्थितीतली केंद्रे प्रत्यक्षात याहून काटेकोर असतात. पडद्यावरची रेघ शंभर-दोनशे हर्ट्झ बाजूला असेल आणि उपकरण तापेल तशी हळूहळू सरकत असेल, तर तिच्यामागे स्फटिकाने वारंवारता स्थिर ठेवलेला प्रक्षेपक नसून स्वस्त ऑसिलेटर (लहर निर्माण करणारे मंडल) किंवा पॉवर सप्लाय असल्याचे समजावे.

वेळेची नोंद करताना ‘संध्याकाळी’ एवढे लिहून भागत नाही. सुरू होण्याची आणि बंद होण्याची मिनिटे लिहावीत आणि ती काही आठवडे लिहावीत, कारण खरी माहिती त्या वेळा कशा सरकतात यात दडलेली असते. सुरू होण्याची वेळ सूर्यास्ताबरोबर पुढे-मागे होत असेल तर कारण एक तर आयनांबरातले (रेडिओ लहरी परतवणाऱ्या, वातावरणाच्या वरच्या थरांतले) असते किंवा अंधार पडल्यावर आपोआप लागणाऱ्या दिव्यांतले. ती घड्याळाला चिकटून असेल तर टायमर किंवा माणूस यांचा संशय घ्यावा. सिग्नल फक्त दिवसा येत असेल आणि ढग आले की मंदावत असेल, तर छपरावरच्या सौर पॅनेलच्या इन्व्हर्टरकडे पाहावे. पावसाची नोंदही याच पानावर असावी. तिचा उपयोग विजेच्या तारांपाशी पोहोचल्यावर होतो.

मोर्सच्या बाबतीत एक शक्यता लगेच तपासून निकालात काढता येते. विमानांसाठीचे जमिनीवरचे दिशादर्शक बीकन बहुतांशी १९० ते ५३५ किलोहर्ट्झ या भागात, म्हणजे मिडियम वेव्हच्या खालच्या टोकाला लागूनच असतात, आणि आपल्या ओळखीची दोन-तीन अक्षरे संथपणे पुन्हा पुन्हा पाठवत असतात. डायलच्या अगदी खालच्या बाजूला असे काही ऐकू आले तर अक्षरे उतरवून विमानवाहतुकीच्या प्रकाशित याद्यांशी ताडून पाहावीत. गूढ तिथेच संपते.

रेडिओच्या आत जन्मणारे सिग्नल

जुन्या पद्धतीच्या सुपरहेट रेडिओत एक अंतर्गत ऑसिलेटर निवडलेल्या केंद्रापेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो आणि दोहोंच्या फरकातून मिळणारी ४५५ ची वारंवारताच पुढे मोठी केली जाते. रेडिओ ५९४ वर लावला तर ऑसिलेटर १०४९ वर असतो. पण १०४९ पासून वरच्या बाजूलाही ४५५ अंतरावर एक जागा आहे, १५०४. तिथल्या जोरदार सिग्नलला सुरुवातीच्या फिल्टरने पुरेसे अडवले नाही तर तोही आत शिरतो. आता १५०३ वर एखादे शक्तिशाली केंद्र असल्याचे धरू. त्याचा १०४९ शी फरक ४५४ येतो, म्हणजे ५९४ च्या केंद्राच्या ४५५ पासून बरोबर १ किलोहर्ट्झ बाजूला, आणि या दोहोंच्या टकरीतून १००० हर्ट्झची शिट्टी जन्मते. ५९४ वर कोणीच नसेल तर रेडिओ ५९३ वर आणताच १५०३ चा कार्यक्रम स्वच्छ ऐकू येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की नवे केंद्र सुरू झाले. म्हणून संशयित आकड्यात ९१० मिळवावेत आणि त्या ठिकाणी कोणते केंद्र आहे ते पाहावे. बेरीज प्रसारणाच्या पट्ट्याबाहेर गेली तरी ती सोडून देऊ नये. १.८ मेगाहर्ट्झच्या वर हौशी रेडिओचालकांचा पट्टा आहे. त्यांचे एसएसबी पद्धतीचे, म्हणजे वाहक लहर न पाठवता केलेले बोलणे साध्या रेडिओवर ८९० किलोहर्ट्झच्या पुढे कुठेतरी उमटले, तर ते नाकातून बडबडल्यासारखे, शब्द न लागणारे ऐकू येते.

काही रेडिओंत ४५५ ऐवजी ४५० किलोहर्ट्झ वापरतात. तिथे मिळवायचे अंतर ९०० होते, ९०० हे ९ आणि १० या दोन्हींच्या पटीत असते, आणि परिणामी असे प्रतिबिंब कोणतीही शिट्टी न वाजवता नेमके दुसऱ्या केंद्राच्या जागी जाऊन बसते. अलीकडच्या एकाच चिपवर चालणाऱ्या रेडिओंत ही अंतर्गत वारंवारता आणखी वेगळी, बरीच कमी असते. त्यांना ९१० चा हिशेब लावू नये. ९१० च्या जवळची शिट्टी मात्र वेगळ्या कारणाने येते. ४५५ ची दुप्पट ९१०. रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात तयार होणारी ही दुप्पट पुन्हा अँटेनाकडे झिरपते आणि ९०९ च्या केंद्रावर शिट्टी ऐकू येते. ती रेडिओची जन्मखोड आहे. बाहेर शोधण्यासारखे तिच्यात काही नाही.

जवळ दोन शक्तिशाली प्रक्षेपक असतील तर तिसराच प्रकार घडतो. ६३९ आणि १०२६ ही दोन केंद्रे इतकी जोरदार आहेत की रेडिओचा पहिला टप्पा त्यांच्या भाराने वाकतो, असे समजू. मग १०२६ ची दुप्पट वजा ६३९, म्हणजे १४१३ वर एक नवा सिग्नल तयार होतो. १४१३ ला ९ ने भाग जातो. जाणारच, कारण ९ च्या पटीतल्या संख्यांची बेरीज, वजाबाकी, दुप्पट काहीही केले तरी उत्तर ९ च्या पटीतच राहते. बनावट सिग्नल खऱ्या केंद्राच्या जागी चपखल बसतो तो यामुळे, आणि म्हणूनच वर म्हटले की भाग जाणे हा पुरावा नव्हे. त्याची खूण आवाजात सापडते: दोन्ही केंद्रांचे कार्यक्रम एकाच वेळी, एकमेकांत मिसळलेले आणि फाटलेले ऐकू येतात.

याची परीक्षा विनाखर्च करता येते. छोट्या रेडिओच्या आतली, अँटेनाचे काम करणारी फेराइट दांडी ज्या दिशेला टोक करून धरली त्या दिशेचे सिग्नल जवळजवळ बुजतात. रेडिओ ६३९ वर लावून, हळूहळू फिरवत, ते केंद्र सर्वांत क्षीण होईल अशा स्थितीत आणावा, आणि त्याच स्थितीत, जराही न हलवता, १४१३ वर न्यावा. अनोळखी सिग्नल नाहीसा झाला असेल तर तो रेडिओतच तयार होत होता. जनक केंद्रांपैकी एक उपाशी ठेवल्याबरोबर तोही मेला. १०२६ बाबतही हेच करून पाहावे. बाहेरील अँटेना वापरणाऱ्यांनी मध्ये १० डेसिबेलचा अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारे साधन) घालावा. खरा सिग्नल १० डेसिबेलने उतरतो, तर असा तिसऱ्या क्रमाचा बनावट सिग्नल सुमारे ३० डेसिबेलने उतरतो. हा फरक इतका मोठा असतो की तो मोजण्यासाठी मीटरचीही गरज पडत नाही.

दुसऱ्या बनावटीचा रेडिओ शेजारी ठेवून ऐकणे हा आणखी सोपा मार्ग आहे, पण दोन्ही रेडिओ एकाच वेळी चालू ठेवू नयेत, कारण एकाचा अंतर्गत ऑसिलेटर दुसऱ्यावर वाहक लहर म्हणून ऐकू येतो आणि एका कोड्याची दोन होतात.

घरातली आणि शेजारची उपकरणे

सिग्नल दोन्ही रेडिओंवर सारखाच येत असेल तर तो बाहेरचा आहे, एवढे ठरले. आता बॅटरीवर चालणारा रेडिओ घेऊन घराचा मुख्य स्विच बंद करावा. बंद करण्यापूर्वी ज्यांना अचानक वीज गेलेली चालत नाही अशी वैद्यकीय साधने आणि संगणक यांची काळजी घ्यावी. स्विच बंद होताच सिग्नल गेला तर फ्यूज किंवा एमसीबी एकेक करून चालू करत दोषी मंडल शोधावे आणि त्यातले एकेक प्लग काढावेत. उपकरणाचा बटणाने बंद केलेला चार्जर किंवा स्टँडबायवर असलेला टीव्ही हा या हिशेबात चालूच धरावा. मुख्य स्विचने काहीच फरक पडला नाही, तरी घर निर्दोष ठरत नाही: यूपीएस, बॅटरीवर जाणारा इन्व्हर्टर, सौर यंत्रणा आणि बॅटरी असलेली सुरक्षा साधने त्या वेळीही चालूच असतात.

आजच्या बहुतेक उपकरणांचे वीजपुरवठे आतल्या आत काही दहा किलोहर्ट्झच्या वेगाने वीज तोडत-जोडत असतात, आणि त्या वेगाच्या पटींवर डायलभर घरघर उमटते. म्हणून एकाच जागी अडकून न राहता पूर्ण पट्टा चाळावा. ५८५, ६५०, ७१५, ७८० असे समान अंतरावरचे उंचवटे मिळाले तर मधले अंतर ६५ हा त्या पुरवठ्याचा वेग आहे, आणि हा आकडा अशा पुरवठ्यांत नेहमी आढळणारा आहे. गंमत अशी की यातल्या ५८५ ला ९ ने पूर्ण भाग जातो. फक्त तेवढीच जागा पाहणारा तिथे केंद्र असल्याचे म्हणेल. या उंचवट्यांचा आवाज बहुधा १०० किंवा १२० हर्ट्झच्या कर्कश घरघरीचा असतो, कारण मुख्य वीज ५० किंवा ६० हर्ट्झची असते आणि दिष्टीकरणात (एसीचे डीसी करताना) तिची दुप्पट होते. मंदक (डिमर) लावलेले दिवेही याच सुरात पण समान उंचवट्यांविना, पट्टाभर पसरून ओरडतात. सेकंदाला जवळपास एक याप्रमाणे नियमित ‘टक्’ ऐकू येत असेल तर जवळ विजेचे कुंपण आहे का, ते पाहावे. अख्ख्या पट्ट्यावर सपाट फुसफुस असून ती ११०० किंवा २२०० किलोहर्ट्झच्या आसपास तुटत असेल, तर टेलिफोनच्या तारेवरून जाणारे डीएसएल इंटरनेट गळत आहे, कारण एडीएसएल आणि तिची पुढची आवृत्ती यांच्या मर्यादा तिथेच आहेत.

स्रोत जवळ आहे की लांब, हे ठरवण्याची एक परीक्षा मला विशेष भरवशाची वाटते. १००० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३०० मीटर असते, आणि स्रोतापासून साधारण ४८ मीटरच्या आत, म्हणजे निकटक्षेत्रात, छोट्या उपकरणाचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की ते आठव्या भागावर येते. दूरच्या प्रक्षेपकाच्या बाबतीत मात्र अंतर दुप्पट होण्यासाठीच कित्येक किलोमीटर चालावे लागते आणि तेव्हा ते फक्त निम्मे होते. म्हणून खोलीतल्या खोलीत दोन पावले सरकल्याने सिग्नलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडत असेल तर स्रोत हाताच्या अंतरावर आहे. याला एक अपवाद आहे. उपकरणाचा गोंगाट भिंतीतल्या वायरींवर चढला की प्रत्येक वायर अँटेना बनते आणि प्रत्येक भिंतीपाशी सिग्नल वाढतो. अशा वेळी भिंतींवर रेडिओ फिरवत बसण्यापेक्षा प्लग काढत जाणे लवकर उत्तर देते.

गुणगुण फक्त केंद्रावर आल्यावरच ऐकू येते आणि केंद्राच्या बाजूला सरकल्यावर जाते, हा प्रकार पुष्कळांना चकवतो. त्यात बाहेरून नवा सिग्नल आलेला नसतो. घरातल्या वायरींवर पोहोचलेली केंद्राचीच वाहक लहर एखाद्या पुरवठ्यातल्या डायोडांमुळे (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांमुळे) विजेच्या तालावर चढ-उतार होऊन परत रेडिओत येते. रेडिओ बॅटरीवर नेल्यावर ती थांबली तर दोष त्याच्याच पुरवठ्यात असतो, आणि त्या डायोडांना समांतर छोटे कपॅसिटर लावणे हा जुना इलाज जाणकार दुरुस्तीकाराकडून करून घेता येतो.

सूर्यास्तानंतर येणारे पाहुणे

दिवसा जमिनीपासून सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा डी थर मिडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि वरच्या थरांवरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटरवरून उतरू लागतात. संध्याकाळी उगवणारी परक्या भाषेतली बोलणी बहुतेक वेळा एवढ्यानेच स्पष्ट होतात. त्यांची ओळख पटवणारी खूण म्हणजे आवाजाचे संथ चढ-उतार: काही सेकंद ते काही मिनिटे आवाज भरतो, ओसरतो, आणि ओसरताना मध्येच फाटतो. जमिनीलगत येणारा जवळचा सिग्नल स्थिर असतो.

अशा केंद्राचे नाव तासाच्या ठोक्याला जाहीर होण्याची शक्यता जास्त असल्याने त्या मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे. संशयित केंद्राचे इंटरनेट प्रसारण शेजारी लावून तुलना करता येते, मात्र ते काही सेकंदांपासून अर्ध्या-एक मिनिटापर्यंत मागे असते हे लक्षात घ्यावे. जगभर हौशी मंडळींनी इंटरनेटवर खुले ठेवलेले किवी-एसडीआरसारखे रेडिओ इथे फार उपयोगी पडतात. तोच सिग्नल शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या रेडिओवरही त्याच वेळी येत असेल तर घरातल्या चार्जरांना निर्दोष सोडावे. या रेडिओंची घड्याळे जीपीएसशी जुळवलेली असल्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी सिग्नल पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून स्रोताचा प्रदेशही काढता येतो. प्रकाशवेगाने एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर अंतर कापले जाते, यावर हा सगळा हिशेब उभा आहे.

एका केंद्राच्या मागे दुसऱ्याच केंद्राचा कार्यक्रम ऐकू आला की ‘लक्झेंबर्ग परिणाम’ हे नाव हमखास निघते. १९३३ मध्ये नेदरलँड्समध्ये टेलेगेन यांनी स्वित्झर्लंडमधील बेरोम्युन्स्टर केंद्राच्या लहरीवर लक्झेंबर्ग रेडिओचा कार्यक्रम ऐकू येत असल्याचे नोंदवले. जोरदार लहर आयनांबरातील इलेक्ट्रॉन आपल्या ध्वनीच्या तालावर तापवते आणि त्या भागातून जाणाऱ्या दुसऱ्या लहरीचे शोषण त्याच तालावर बदलते. परिणाम खरा आहे, पण संशयितांच्या यादीत तो शेवटी ठेवावा, कारण त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या बहुतेक तक्रारी वर सांगितलेल्या भारावलेल्या रेडिओच्या असतात. दिवसाढवळ्या तोच मिश्र आवाज येत असेल तर हे कारण आपोआप बाद होते.

दिशा काढणे

इथवर टिकून राहिलेल्या सिग्नलसाठीच बाहेर पडावे. दिशा काढताना सिग्नल कुठे सर्वांत मोठा होतो हे पाहू नये. तो कमाल भाग इतका पसरट असतो की वीस-तीस अंश फिरूनही कानाला फरक जाणवत नाही. तो कुठे बुजतो ते शोधावे. बुजण्याची जागा अरुंद असते, आणि त्या क्षणी फेराइट दांडीची टोके स्रोताच्या रेषेत असतात. रेडिओतली स्वयंचलित आवाजनियंत्रणाची व्यवस्था जोरदार सिग्नलच्या वेळी हा खड्डा भरून काढते. तेव्हा डायल किंचित बाजूला सरकवावी किंवा एसडीआरवरच्या रेघेची उंची पाहावी. दांडी रेषा दाखवते, बाजू दाखवत नाही. स्रोत पुढे आहे की पाठीमागे, हे दुसऱ्या ठिकाणाहून काढलेली रेषाच सांगते.

होकायंत्र रेडिओला टेकवून वाचू नये. स्पीकरच्या मागचे चुंबक सुई सहज ओढून घेते. रेडिओची दिशा जमिनीवर काठी टाकून किंवा दूरची खूण धरून निश्चित करावी, रेडिओ बाजूला ठेवावा आणि मग होकायंत्र वाचावे. विजेच्या तारा, लोखंडी कुंपण, मोटारी आणि काँक्रीटमधल्या सळ्या यांच्यापासून दूर, मोकळ्या जागी मोजमाप घ्यावे. पहिले मोजमाप नेहमी ज्याच्या प्रक्षेपकाची जागा ठाऊक आहे अशा केंद्राचे घ्यावे. स्टुडिओचा पत्ता चालत नाही, कारण मनोरा बहुधा गावाबाहेर असतो. त्यातून आपल्या पद्धतीत किती अंशांची चूक येते ते कळते. ५ अंशांच्या चुकीने १० किलोमीटरवर सुमारे ९०० मीटरचा फरक पडतो, म्हणून दोनऐवजी तीन ठिकाणांहून रेषा काढाव्यात आणि त्या एकमेकींना शक्यतो मोठ्या कोनात छेदतील अशी ठिकाणे निवडावीत.

हे काम दिवसा करावे. रात्री वरून उतरणाऱ्या लहरींचे ध्रुवीकरण (लहर कोणत्या दिशेला कंप पावते ते) सतत बदलत असते, त्यामुळे बुजण्याची जागा उथळ होते आणि इकडून तिकडे भटकते. जुन्या दिशाशोधकांना हा त्रास इतका होता की त्यावर उपाय म्हणून फ्रँक ॲडकॉक यांनी १९१९ मध्ये उभ्या दांड्यांच्या अँटेनाचे पेटंट घेतले. सिग्नल फक्त रात्रीच येत असेल तर काढलेल्या दिशेवर फार विसंबू नये आणि दूरस्थ रेडिओंचाच आधार घ्यावा.

दिशा काढत गेल्यावर पोहोचलेल्या ठिकाणी कधीकधी प्रक्षेपकच नसतो. असते ते गंजलेले कुंपण, पत्र्याचे छप्पर किंवा जुना मनोरा. धातूच्या दोन तुकड्यांमधला गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि जवळच्या जोरदार केंद्रांचे मिश्रण करून नवी वारंवारता स्वतःच प्रक्षेपित करतो. रेडिओतल्या मिश्रणापासून याला वेगळे काढता येते: जनक केंद्र बुजवले तरी हा सिग्नल जात नाही, आणि तो बुजवायला गेल्यास दांडीची रेषा त्या लोखंडाकडे वळते. पाऊस पडला किंवा वारा सुटला की त्याची ताकद बदलते. सांधा साफ करून पक्का जोडणे किंवा तुकडे एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे करणे, एवढाच त्यावर इलाज आहे.

विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांसाठी पावसाची नोंद उघडावी. सैल सांध्यांत किंवा इन्सुलेटरपाशी पडणाऱ्या ठिणग्यांचा गोंगाट कोरड्या हवेत वाढतो आणि पावसात थांबतो. उच्च दाबाच्या तारांवरचा कोरोना, म्हणजे तारेभोवतीच्या हवेत होणारी सूक्ष्म विद्युत गळती, उलट ओल्या हवेत वाढतो. मिडियम वेव्हवर हा गोंगाट तारांवरून लांबवर पसरत असल्याने प्रत्येक खांब दोषी वाटतो. म्हणून खांबांच्या रांगेने जाताना हळूहळू वरच्या वारंवारतेकडे, आधी शॉर्ट वेव्ह आणि शेवटी, असे ऐकण्यास परवानगी असेल तिथे, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या विमानपट्ट्याकडे जावे. तिथला संवादही एएम पद्धतीचाच असतो, आणि इतक्या वर गोंगाट फक्त मूळ खांबाजवळच ऐकू येतो. खांबाला हात लावणे, तो हलवून पाहणे किंवा त्यावर ठोकणे हे जिवावर बेतणारे आहे. खांबाचा क्रमांक टिपून वीज कंपनीला कळवणे एवढेच आपले काम.

स्रोत सापडल्यावर

सापडलेला प्रक्षेपक बेकायदा असेलच असे नाही. अनेक देशांत अतिशय कमी शक्तीच्या प्रक्षेपणाला विनापरवाना मुभा असते. अमेरिकेत ५१० ते १७०५ किलोहर्ट्झमध्ये शेवटच्या टप्प्याला १०० मिलिवॅटपर्यंत शक्ती आणि अँटेना, तिची वायर व अर्थिंगची वायर मिळून ३ मीटरपर्यंत लांबी, अशी मर्यादा आहे. त्यामुळे एखाद्या संकुलापुरता माहिती देणारा सिग्नल पूर्णपणे नियमात बसणारा असू शकतो. शेजाऱ्याच्या चार्जरचा दोष असेल तर दार वाजवताना रेडिओ सोबत न्यावा. आपल्याच घरातला प्लग काढताच घरघर थांबते हे शेजाऱ्याने स्वतः ऐकले की कोणालाही समजावण्याची गरज उरत नाही. चार्जर बदलणे शक्य नसेल तर त्याची वायर फेराइट कड्यातून अनेक वेढ्यांनी ओवावी. मिडियम वेव्हवर एका वेढ्याचा क्लिप नावापुरताच असतो. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पाच वेढ्यांनी सुमारे पंचवीसपट होतो, पण कड्याचा पदार्थ कमी वारंवारतेसाठी बनवलेला असावा लागतो.

नियामक यंत्रणेकडे तक्रार करायची झाल्यास अचूक वारंवारता, युटीसीमधल्या (जागतिक प्रमाणवेळेतल्या) वेळा, ध्वनिमुद्रण, तीन ठिकाणांच्या दिशारेषा आणि रेडिओ व घर यांना निर्दोष ठरवणाऱ्या परीक्षांचे निकाल जोडावेत. या शेवटच्या भागाअभावी बऱ्याच तक्रारी पहिल्या टेबलावरून परत येतात. उपाय झाल्यावर त्याच रेडिओने, त्याच जागी आणि त्याच वेळी पुन्हा ऐकावे. जोरदार गोंगाट थांबला की त्याच्याखाली दबलेला दुसरा, वेगळ्या सुराचा आणि वेगळ्या वेळापत्रकाचा सिग्नल वर येतो, आणि पुष्कळदा उपाय फसला अशी समजूत होते ती त्यामुळेच. त्याच्यासाठी नोंदवहीत नवे पान उघडावे.